गॅसचा खुला बाजार आणि नाण्याचे मीटर

बाजार खुला केला की माणूस मोकळा होतो, असे एक सूत्र गेली चाळीस वर्षे जगभर सांगितले जात आहे. ते सांगताना युरोपातल्या नैसर्गिक गॅसचे उदाहरण हमखास दिले जाते. एकेका देशात एकेकच गॅस कंपनी होती. तिची मक्तेदारी मोडली, ग्राहकाला विक्रेता निवडण्याचा हक्क मिळाला, भाव उतरले आणि कोळशाच्या जागी गॅस आल्याने हवाही स्वच्छ झाली, अशी ती कथा. तिच्यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खोटे म्हणता येणार नाही. पण हक्क आधी कोणाला मिळाला आणि शेवटी कोणाला, भाव उतरले ते कोणाचे, चढले तेव्हा भरले कोणी, आणि हवा स्वच्छ झाली ती स्पर्धेने की आणखी कशाने, हे प्रश्न विचारू लागलो की कथेचा रंग पालटतो.

इथे मुख्यतः ब्रिटनचा इतिहास पाहावयाचा आहे. युरोपात हा प्रयोग पूर्णपणे प्रथम तिथेच झाला. ब्रसेल्समध्ये पुढे जे कायदे झाले, त्यांच्या पुरस्कर्त्यांपुढे नमुनाही तोच होता. ब्रिटनमध्ये गॅसची स्पर्धा १९८६ नंतर आली असे समजतात. ती खरे तर दुसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेचा अनुभव सगळे विसरले होते, किंवा विसरणे सोयीचे होते.

१८१२ साली लंडनमध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला हा गॅस आरंभी रस्त्यांच्या आणि दुकानांच्या दिव्यांसाठी होता. धंद्यात पैसा आहे असे दिसताच दुसऱ्या कंपन्या निघाल्या आणि काही ठिकाणी एकाच रस्त्याखाली दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचे नळ जाऊ लागले. आज एकीने रस्ता खणावा, उद्या दुसरीने. गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाव पाडायचे, मग परवडत नाही म्हणून आपसांत हद्दी वाटून घ्यायच्या आणि भाव पुन्हा चढवायचे. जॉन स्टुअर्ट मिल हा काही स्पर्धेचा शत्रू नव्हता. तरीही १८४८ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात त्याने लंडनच्या गॅस व पाणी कंपन्यांचे उदाहरण देऊन, एकाच कामासाठी अनेक कंपन्या ठेवण्यात केवढे श्रम वाया जातात ते दाखवले होते. शेवटी १८६० च्या कायद्याने पार्लमेंटने लंडनमध्ये प्रत्येक कंपनीला तिचा तिचा प्रदेश नेमून दिला आणि बदल्यात भावावर व गॅसच्या प्रतीवर मर्यादा घातली. मुक्त व्यापाराचे जगाला धडे देणाऱ्या देशाने, त्या धड्यांच्या ऐन भरात, गॅसच्या नळांपुरता तो धडा मागे घेतला.

हा गॅस तयार कोण करीत होते? कंपन्यांच्या इतिहासात संचालकांची नावे असतात, अभियंत्यांची असतात. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा आत लोटणारे, जळलेला कोक लोखंडी आकड्याने बाहेर ओढणारे, धगीने भाजून निघणारे हजारो हात मात्र आकड्यांत मोजले जातात. थेम्सच्या काठी बेक्टन येथे १८७० साली सुरू झालेला कारखाना युरोपातला सर्वांत मोठा गॅस कारखाना गणला जाई. तिथे पाळी बारा तासांची असे. या भट्ट्यांवर काम करणाऱ्या विल थॉर्न या मजुराने १८८९ च्या मार्चमध्ये गॅस कामगारांची संघटना उभी केली. थॉर्न लहानपणापासून राबलेला; त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्याचे लेखन-वाचन सुधारण्यास मार्क्सची मुलगी एलिनॉर हिने मदत केली. अकुशल म्हणून जुन्या कारागीर संघटनांनी ज्यांना दारात उभे केले नव्हते, अशा माणसांची ही संघटना होती. काही महिन्यांतच लंडनच्या गॅस कंपन्यांनी आठ तासांची पाळी मान्य केली, आणि तीही संपाविना. १९०६ साली थॉर्न पार्लमेंटात निवडून गेला.

लंडनच्या दक्षिण भागातल्या ‘साउथ मेट्रोपॉलिटन’ कंपनीचा प्रमुख जॉर्ज लिव्हसी हा मात्र वेगळ्या वकुबाचा गृहस्थ. त्याने कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना काढली. वाट्याबरोबर एक करारपत्र होते आणि त्यावर सही करणाऱ्याचे हात संपापुरते बांधले जात होते. संघटनेने डिसेंबर १८८९ मध्ये संप पुकारला आणि १८९० च्या आरंभी तो मोडला. दोन महिन्यांत बदली माणसे भट्ट्यांवर उभी राहिली. उपकाराच्या रूपाने येणारी बेडी ओळखणे किती कठीण असते, याचा हा एक जुना नमुना.

याच काळात गरीब वस्त्यांमध्ये गॅस नेण्याची एक युक्ती निघाली. ती म्हणजे नाण्याचे मीटर. तोवर गॅस हे दुकानदारांचे आणि मध्यमवर्गाचे इंधन होते. ज्याची मजुरी आठवड्याला हातात पडते आणि आठवड्यात संपते, त्याला तीन महिन्यांचे बिल कोण देणार? १८८० च्या दशकाच्या अखेरीस असे मीटर निघाले की त्याच्या फटीत एक पेनी टाकली म्हणजे पेनीपुरता गॅस येतो. पेनी संपली की ज्योत विझते. कंपनीला उधारीची भीती नाही, वसुलीची कटकट नाही. शेगडी, नळ, दिवा कंपनीच बसवून देई आणि त्यांचे भाडे गॅसच्या दरात मिसळून घेई. त्यामुळे पेनी टाकणाऱ्याला तोच गॅस बिल भरणाऱ्यापेक्षा महाग पडे. कामकऱ्यांच्या चुलीपर्यंत गॅस पोचला हे खरे. धुरातून बायकांची थोडी सुटका झाली हेही खरे. पण जो गरीब त्याने आगाऊ भरावे आणि जास्तही भरावे, ही रीत त्या मीटरबरोबर घरात आली. ती पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली. मालक बदलले, सरकारे बदलली, गॅससुद्धा बदलला. ही रीत बदलली नाही.

आता गॅस बदलला कसा, ते पाहू. स्वच्छ इंधनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे येतो. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस बसले. सुमारे चार हजार माणसे त्याने मेली असे त्या वेळी धरले गेले. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यातून झाला. तत्पूर्वी १ मे १९४९ रोजी एक हजाराहून अधिक लहानमोठे गॅस धंदे सरकारने ताब्यात घेऊन बारा प्रादेशिक मंडळांकडे सोपवले होते. तरी गॅस कोळशाचाच होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असे आणि तो विषारी होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड व वेल्समधील आत्महत्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक या घरगुती गॅसने होत असत.

१९६५ साली उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक गॅस सापडला. तो शोधणारा ‘सी जेम’ हा तराफा त्याच वर्षी २७ डिसेंबरला कोसळला आणि तेरा माणसे बुडाली. नवा गॅस विषारी नव्हता, पण तो जुन्या शेगडीत चालेना, कारण त्याला वेगळे बर्नर लागत. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातल्या एकूण एक घरात माणसे पाठवून प्रत्येक शेगडी, प्रत्येक शेकोटी, प्रत्येक पाणीबंब बदलण्यात आला. एक कोटी तीस लाखांच्या वर घरे. राजवाड्यापासून नाण्याच्या मीटरवर जगणाऱ्या खोलीपर्यंत एकच नियम, एकच वेळापत्रक, आणि ग्राहकाला खर्च नाही. गॅसने होणाऱ्या आत्महत्या जवळजवळ नाहीशा झाल्या. आणि विशेष हे की माणसे दुसऱ्या मार्गाकडे त्या प्रमाणात वळली नाहीत, एकूण आत्महत्याच घटल्या. युरोपातल्या घरगुती इंधनाच्या शुद्धीची यापेक्षा मोठी मोहीम माझ्या माहितीत नाही. ती सरकारी मक्तेदारीने केली. सरकारी मक्तेदारीचे गोडवे गायचे म्हणून हे सांगत नाही. तिची कार्यालये ग्राहकाला कसे तिष्ठत ठेवीत याच्या तक्रारी त्या काळच्या वर्तमानपत्रांत भरपूर आहेत. पण स्पर्धेवाचून स्वच्छता येत नाही असे सांगणाऱ्याने या दहा वर्षांचे उत्तर दिले पाहिजे.

१९८६ साली थॅचर सरकारने ‘ब्रिटिश गॅस’ विकली. ‘सिडला सांगा’ ही जाहिरात त्या काळी घरोघर पोचली होती. सिड म्हणजे कोणी साधा माणूस, भागविक्रीची बातमी ज्याच्या कानावर घालायची आहे असा. एका भागाची किंमत १३५ पेन्स. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि सरकारला पाच अब्ज पौंडांच्या वर रक्कम मिळाली. जी वस्तू आधीच जनतेच्या मालकीची होती ती जनतेतल्या पैसेवाल्यांना विकून ‘जनतेची भांडवलशाही’ आली असे जाहीर झाले. बिचाऱ्या सिडला ऐपत असली तर प्रश्न नव्हता.

गंमत अशी की विकली ती संपूर्ण मक्तेदारीच. कंपनीचे अध्यक्ष डेनिस रूक हे तुकडे करण्याच्या विरोधात ठाम होते आणि सरकारला विक्रीची घाई होती. सार्वजनिक मक्तेदारी गेली, खाजगी आली. नव्या कायद्याने स्पर्धेचे दार किती उघडले? वर्षाला २५,००० थर्मपेक्षा अधिक गॅस जाळणाऱ्याने हवा तर दुसरा विक्रेता शोधावा. म्हणजे कारखाना, मोठे इस्पितळ, मोठे हॉटेल. १९९२ साली ही मर्यादा २,५०० थर्मवर आणली, म्हणजे दुकाने व कचेऱ्या मोकळ्या झाल्या. घरांची पाळी एप्रिल १९९६ मध्ये आली आणि तीही केवळ नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या पाच लाख घरांपुरती. सगळ्या देशाला ती मोकळीक मिळायला मे १९९८ उजाडले. हक्क असा वरून खाली, पायरी पायरीने उतरत आला. ज्याची चूल जितकी लहान तितका त्याचा हक्क उशिरा. पायऱ्यांची ही रचना कुठल्या धर्मग्रंथातून आलेली नव्हती. ती निव्वळ व्यापारी सोयीची होती. पण सोय कोणाची हे पाहावयाला नको काय?

या मधल्या काळात भाव खाली आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. समुद्रात गॅस मुबलक निघत होता आणि नवे विक्रेते तो स्वस्तात घेऊन विकत होते. जुनी कंपनी महागड्या दीर्घ मुदतीच्या करारांत अडकली आणि १९९७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले. पण भाव उतरण्याचा मोठा वाटा प्रथम कारखान्यांना मिळाला. घरांमध्येही बँकेतून परस्पर पैसे देणाऱ्याला सर्वांत स्वस्त दर, बिल भरणाऱ्याला त्याहून जास्त आणि आगाऊ भरणाऱ्याला सर्वांत जास्त. पेनीच्या जागी आता किल्ली किंवा कार्ड आले होते. दुकानात जाऊन त्यात पैसे भरून आणायचे. नव्या विक्रेत्यांची माणसे दारोदार फिरू लागली आणि फसवून सह्या घेतल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. इकडे १९९४ मध्ये कंपनीचे मुख्याधिकारी सेड्रिक ब्राउन यांचा पगार पाऊणपट वाढून ४,७५,००० पौंड झाला. गॅसच्या दुकानांतल्या कामगारांना मात्र पगार कमी करण्याच्या सूचना येत होत्या. कामगार संघटनेने पुढच्या वर्षी भागधारकांच्या सभेच्या दारात सेड्रिक नावाचे एक डुक्कर आणून उभे केले. पुस्तकी टीकेपेक्षा ते डुक्करच लोकांच्या अधिक लक्षात राहिले.

स्पर्धा आणि स्वच्छ ऊर्जा यांचे नाते किती पातळ आहे हे याच वर्षांत एका प्रकरणाने दाखवून दिले. १९९२ च्या रिओ परिषदेनंतर ब्रिटिश सरकारने ऊर्जाबचतीसाठी एक न्यास स्थापला. गॅसच्या बिलावर थोडी पट्टी बसवून त्या पैशाने घरांच्या भिंती-छपरे थंडीपासून बंदिस्त करावीत, चांगल्या शेगड्या द्याव्यात, अशी योजना. कमी गॅस लागावा हा हेतू. १९९३ पासून गॅसच्या नियामक असलेल्या क्लेअर स्पॉटिसवुड यांनी ही पट्टी वाढवण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की ही पट्टी म्हणजे कर आहे. कर बसवण्याचा अधिकार निवडून आलेल्या पार्लमेंटचा, नियामकाचा नव्हे. आणि तो गरिबालाही द्यावा लागेल. या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. पण परिणाम काय झाला? न्यासाला अपेक्षिलेला पैसा मिळाला नाही. स्पर्धा वाढवणे हे नियामकाचे कर्तव्य ठरले आणि गॅस कमी जाळला जावा हे कोणाचेच राहिले नाही. विक्रेत्याला तर जास्त विकण्यातच नफा. त्याच सुमारास सरकारने हवामानाचे कारण पुढे करून घरगुती इंधनावर एप्रिल १९९४ पासून ८ टक्के मूल्यवर्धित कर बसवला. तो साडेसतरा टक्क्यांवर न्यायचा बेत त्या डिसेंबरमध्ये पार्लमेंटातच हाणून पाडला गेला. थंडीत शेगडी कमी पेटवा, हा उपदेश ज्यांना झाला ते आधीच ती कमी पेटवत होते.

तरीही ब्रिटनची हवा नव्वदच्या दशकात सुधारली आणि कार्बनचे उत्सर्जन घटले. कारण वीज. १९७५ साली युरोपीय समुदायाने विद्युतकेंद्रांत नैसर्गिक गॅस वापरण्यावर बंधन घातले होते. दुर्मिळ इंधन असे जाळू नये ही त्यामागची समजूत. १९९१ मध्ये ते बंधन उठले. ब्रिटनमधली वीज १९९० पासून खाजगी हाती जाऊ लागली होतीच. नव्या वीज कंपन्यांनी धडाधड गॅसची केंद्रे उभारली, आणि १९९० मध्ये नगण्य असलेला गॅसचा वाटा दहा वर्षांत विजेच्या सुमारे चाळीस टक्क्यांवर गेला. वीज करताना कोळशापेक्षा गॅसमधून जवळजवळ निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. स्पर्धेच्या खात्यावर ही गोष्ट जमा केली पाहिजे.

पण त्याच खात्याची दुसरी बाजू खाणीत आहे. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरलेल्या खाण कामगारांवर ऑक्टोबर १९९२ मध्ये ३१ खाणी बंद करण्याची घोषणा कोसळली. तीस हजार माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. हवामान वाचवण्यासाठी हे केले असे तेव्हा कोणी म्हणत नव्हते. ते कौतुक मागाहून चिकटवले गेले. स्वच्छ हवेची किंमत खाणगावांनी मोजली आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. शिवाय गॅस स्वच्छ तो जाळल्यावर. न जळता नळातून वा विहिरीतून निसटला तर तो मिथेन असतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. युरोपीय संघाने ही गळती मोजण्या-रोखण्याचा सक्तीचा कायदा २०२४ मध्ये केला; बाजार खुला करणारा पहिला कायदा होऊन तोवर सव्वीस वर्षे गेली होती.

ब्रिटनच्या या नव्या गॅस-विजेच्या बाजारात सर्वांत आधी उडी घेणाऱ्यांत एक अमेरिकन कंपनी होती, आणि तिचे नाव महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. एन्रॉन. ईशान्य इंग्लंडमधल्या टीसाइड येथे तिचे १,८७५ मेगावॉटचे गॅस केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी करारावर सही केली. टीसाइडला निदान खरेदीदार अनेक होते. गुहागर तालुक्यात कंपनी एक, गिऱ्हाईक एक, स्पर्धा नाही, निविदा नाही, आणि वीज घेतली नाही तरी मंडळाने पैसे मोजायचे. खुल्या बाजाराचा झेंडा घेऊन आलेल्या कंपनीने इथे मक्तेदारीचाच करार केला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी वस्तीत पोलिसांनी पहाटे घुसून बायकांना मारहाण केली. ते प्रकरण ‘अॅम्नेस्टी’ने जगापुढे मांडले. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबरात एन्रॉनचे अमेरिकेत दिवाळे निघाले.

युरोप खंडातली गोष्ट याहून संथ होती. तिथले गॅसचे राज्य १९५९ मध्ये सुरू झाले असे म्हणता येईल. त्या वर्षी हॉलंडच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्टरेन गावाजवळ प्रचंड साठा सापडला. अर्थमंत्री दे पॉस यांनी १९६२ मध्ये धोरण आखले की गॅसचा भाव उत्पादनखर्चावर ठरवायचा नाही; तेल किंवा कोळसा वापरला असता तर ग्राहकाला जे पडले असते त्यावर ठरवायचा. १९६३ मध्ये वितरण कंपनी निघाली, निम्मी सरकारकडे आणि निम्मी शेल व एसो यांच्याकडे. गॅस पश्चिम जर्मनी, बेल्जियम, फ्रान्सला गेला. पुढे सायबेरियाहूनही येऊ लागला. करार वीस-पंचवीस वर्षांचे, भाव तेलाला बांधलेला. प्रत्येक देशात एकच मोठा खरेदीदार.

ही व्यवस्था मोडण्यासाठी १९९८ चा पहिला युरोपीय निर्देश झाला. त्यातली पायरी ब्रिटनपेक्षाही उंच होती : विद्युतकेंद्रे, आणि वर्षाला अडीच कोटी घनमीटरपेक्षा जास्त गॅस घेणारे कारखाने. २००३ च्या दुसऱ्या निर्देशाने जुलै २००४ पासून सगळे व्यवसाय मोकळे झाले आणि घरे जुलै २००७ पासून. २००९ च्या तिसऱ्याने नळ आणि विक्री यांची मालकी वेगळी करायला सांगितले; तिथे जर्मनी व फ्रान्स अडून बसले आणि पळवाट काढली गेली. मोठे मासे एकमेकांत कसे पोहत होते हे त्याच वर्षी उघड झाले. जर्मनीची रुरगॅस आणि फ्रान्सची गॅस द फ्रान्स यांनी १९७५ साली सोव्हिएत गॅसची वाहिनी मिळून बांधताना, एकमेकांच्या देशात गॅस विकायचा नाही असे पत्राने ठरवले होते. स्पर्धेचे कायदे आले तरी ती समजूत चालूच राहिली. जुलै २००९ मध्ये दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५५.३ कोटी युरो दंड झाला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो ३२ कोटींवर आणला. इथे आयोगाचे काम चोख होते आणि ते मान्य केले पाहिजे.

पण कागदावरचा हक्क आणि जमिनीखालचा नळ यांत अंतर असते. बल्गेरियाच्या ग्राहकाला जुलै २००७ पासून कायद्याने विक्रेता निवडता येत होता. गॅस मात्र एकाच वाहिनीने, रशियातून युक्रेनमार्गे येई. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन भांडणात ती बंद पडली तेव्हा ऐन थंडीत शाळा बंद झाल्या, घरे गारठली. निवडायला दुसरे काही नव्हतेच.

ग्रोनिंगनच्या लोकांचे भोग आणखी निराळे. गॅस उपसल्याने जमीन खचू लागली, भूकंप होऊ लागले. तक्रारींची टर उडवली गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ रिश्टरचा धक्का बसला, घरांच्या भिंती तडकल्या. आणि पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, उपसा कमी होण्याऐवजी वाढला. पार्लमेंटच्या चौकशी समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट लिहिले की तिथल्या माणसांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाले. सरकारला साठ वर्षांत सुमारे ३६३ अब्ज युरो मिळाले, कंपन्यांना ६६ अब्ज. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो कायद्याने कायमचा बंद झाला. हॉलंडच्या सुबत्तेचे घर ज्यांच्या पायाखालच्या मातीवर उभे राहिले त्यांचीच घरे टेकू लावून उभी होती. सरकारी मालकीने शोषण टळते असे मानणाऱ्यांनीही हे प्रकरण वाचावे.

यानंतर २०२१-२२. रशियाने गॅस आखडता घेतला, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि हॉलंडच्या बाजारातला घाऊक भाव, जो पूर्वी मेगावॉट-तासाला वीस युरोच्या आसपास असे, तो ऑगस्टमध्ये तीनशेच्या वर गेला. ब्रिटनमध्ये स्वस्त दराची आमिषे दाखवणारे सुमारे तीस विक्रेते एकापाठोपाठ बुडाले. त्यांनी गॅस आगाऊ घेऊन ठेवलाच नव्हता. त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे नेण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलांत टाकला गेला, कधी विक्रेता न बदललेल्यांच्यासुद्धा. जर्मन सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये देशातली सर्वांत मोठी गॅस आयात कंपनी युनिपर जवळजवळ संपूर्ण विकत घेतली. तोट्याच्या वेळी सार्वजनिक मालकी कोणालाही जुनाट वाटली नाही.

युरोपने पैसा फेकून जहाजांतला द्रवरूप गॅस ओढून घेतला आणि त्याची झळ आशियाला लागली. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या निविदेला एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशाने तात्काळ खरेदी थांबवून वीजकपात केली. भारताच्या ‘गेल’ला ज्या रशियन कंपनीच्या उपकंपनीकडून करारानुसार गॅस येई, ती जर्मनीने ताब्यात घेतल्यावर खेपा चुकू लागल्या, आणि खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. दाभोळच्या त्या जुन्या जागेवरच्या द्रवरूप गॅसच्या बंदराची मालकी आता याच ‘गेल’च्या उपकंपनीकडे आहे.

आणि नाण्याचे मीटर? त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये बिले थकलेल्यांच्या घरी न्यायालयाचे वॉरंट घेऊन, कुलूप तोडून, आगाऊ पैशांचे मीटर बसवले जात होते. पुढे पैसे संपले की गॅस आपोआप बंद. कोणी तोडायला यावे लागत नाही, त्यामुळे ‘पुरवठा तोडला’ अशी नोंदही होत नाही. ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये ३२ लाख लोकांच्या मीटरमधले पैसे निदान एकदा संपले. लहान मुले व अपंग माणसे असलेल्या घरांतही असे मीटर बसवल्याची बातमी छापून आल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने ही सक्ती थांबवायला लावली. पुढे काही अटींवर ती पुन्हा सुरू करू दिली. पंचाहत्तरीच्या पुढचे एकटे वृद्ध आणि दोन वर्षांखालील मूल असलेली घरे तीतून वगळली. १ जुलै २०२३ पासून सरकारी तिजोरीतून भर घालून आगाऊ भरणाऱ्यांचा जादा दर काढून टाकला, आणि एप्रिल २०२४ पासून नियामकाने त्यांचा स्थिर आकार बँकेतून पैसे देणाऱ्यांच्या बरोबरीला आणला.